आयरिश उमरावपदं: कशी निर्माण होत, कधी संपत, आणि ‘संपलं’ म्हणजे नेमकं काय?

शनिवारपेठी:

इंग्रज-मराठा युद्धांच्या काळातला पत्रव्यवहार वाचताना एका माणसाची दोन-तीन नावं समोर येतात. १७९८ साली ‘लॉर्ड मॉर्निंग्टन’ म्हणून आलेला गव्हर्नर जनरल वसईच्या तहाच्या वेळी ‘मार्क्विस वेलस्ली’ असतो. १८१३ चा ‘लॉर्ड मोइरा’ १८१८ मध्ये पेशवाई बुडवतो तेव्हा ‘मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज’ झालेला असतो. तळटिपांमध्ये यांतल्या काही किताबांपुढे ‘आयरिश पीअरेज’ असं लिहिलेलं आढळतं, आणि पुढे ‘एक्स्टिंक्ट’ किंवा ‘डॉर्मंट’ असा शेरा.

प्रश्न असे:

आयरिश उमरावपद ब्रिटिश उमरावपदापेक्षा वेगळं कशाने ठरतं? ते देण्याची रीत काय होती? एखादं पद नष्ट झालं हे कोण आणि कशावरून ठरवतं? मुलगी, पुतण्या, दत्तक मुलगा यांपैकी कोणाला वारसा मिळतो? आणि कर्झन तर अस्सल इंग्रज, मग त्याला १८९८ मध्ये आयरिश पद का दिलं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही.

दप्तरखाना:

चांगला धागा. पदं निर्माण कशी होत ते मी सांगतो, वारशाचं वंशावळवाल्यांनी सांगावं.

ब्रिटिश राजाने दिलेल्या वंशपरंपरागत उमरावपदांचे पाच वेगवेगळे संच आहेत: इंग्लंडचा, स्कॉटलंडचा, आयर्लंडचा, १७०७ नंतरचा ग्रेट ब्रिटनचा आणि १८०१ नंतरचा युनायटेड किंग्डमचा. दर्जे सगळीकडे तेच, म्हणजे ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. पद कोणत्या संचातलं यावर मात्र फार काही अवलंबून असे. आयर्लंडला १८०० अखेरपर्यंत स्वतःचं पार्लमेंट होतं. आयरिश उमराव डब्लिनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत. त्या पदाच्या जोरावर वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड्समध्ये जागा मिळत नसे.

लंडनच्या मंत्र्यांना ही व्यवस्था सोयीची होती. एखाद्याला खूश करायचं पण लॉर्ड्समधलं संख्याबळ बिघडवायचं नाही, तर त्याला आयरिश पद द्यायचं. शिवाय तो माणूस ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून येऊ शकत असे. रॉबर्ट क्लाइव्हला १७६२ मध्ये मिळालेलं ‘बॅरन क्लाइव्ह ऑफ प्लासी’ हे पद आयरिश संचातलं आहे, प्लासी बंगालमध्ये असलं तरी. क्लाइव्ह ते पद घेऊनही मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार राहिला. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट (१७६६) आणि वेलस्लीच्या आधीचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर (१७९८ मध्ये बॅरन टेनमथ) यांचीही पदं आयरिश.

म्हणून गावाच्या नावावरून संच ओळखायला जाऊ नका. टेनमथ इंग्लंडच्या डेव्हनमध्ये आहे, कर्झनचं केडल्स्टन डर्बीशायरमध्ये आहे, पण पदं आयरिश. उलट, राजपुत्र विल्यमला २०११ मध्ये मिळालेलं ‘बॅरन कॅरिकफर्गस’ हे नाव आयर्लंडमधल्या गावाचं, पण पद युनायटेड किंग्डमचं. खात्री करायची तर सनद कोणत्या मोहरेखाली निघाली, कधी निघाली आणि तिच्यात कोणत्या उमराववर्गाचा उल्लेख आहे हे बघावं लागतं.

१८०१ पूर्वीची रीत थोडक्यात अशी. लंडनहून राजाच्या सहीचं आज्ञापत्र डब्लिनच्या लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीला, जाई: अमुक माणसाला अमुक पद द्यावं. त्यावरून तिथले कायदा अधिकारी सनदेचा मसुदा करत. मग सनदेला आयर्लंडची मोठी मोहर लागे आणि तिची नोंद डब्लिनच्या चॅन्सरीच्या पटांवर होई. इथे एक गोष्ट बऱ्याचदा चुकते. राजाच्या आज्ञापत्राची तारीख आणि सनदेची तारीख यांत आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर असतं. एका पुस्तकात एक तारीख आणि दुसऱ्यात दुसरी दिसली की लोक मुद्रणदोष समजतात. बहुतेक वेळा दोन्ही तारखा खऱ्या असतात, फक्त वेगवेगळ्या कागदांच्या. पद अस्तित्वात येतं ते सनदेच्या तारखेला.

सनदेत सुरुवातीला पद देण्याचं कारण असतं, मग पूर्ण नाव आणि पदनाम, आणि त्यानंतर सगळ्यांत मोलाचं कलम: हे पद पुढे कोणाला जाणार. पद कधी आणि कसं संपेल हे त्या दोन-तीन ओळींत आधीच ठरलेलं असतं. संशोधन करणाऱ्याने सनद हातात घेतल्यावर पहिल्यांदा तिथे जावं.

वेलस्लीबद्दल एक भर. त्याचा जन्म आयर्लंडमधला, आणि मॉर्निंग्टनची अर्लकी त्याच्या वडिलांना १७६० मध्ये मिळालेली, आयरिश. त्याशिवाय १७९७ मध्ये त्याला ग्रेट ब्रिटनच्या संचातलं बॅरनपद मिळालं होतं, म्हणून तो वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड्समध्ये बसू शकत होता. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर त्याला मोठ्या ब्रिटिश पदाची आशा होती. डिसेंबर १७९९ मध्ये मिळालं ते आयरिश मार्क्विसपद. म्हणजे आयरिश उमरावांत तो वरच्या पायरीवर गेला, पण ब्रिटिश लॉर्ड्समध्ये त्याचं आसन बॅरनचंच राहिलं. ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ हे त्याने त्या पदाचं केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे. वसईच्या तहामागच्या वेलस्लीच्या पत्रांतली महत्त्वाकांक्षा समजून घ्यायला हा तपशील खरोखर उपयोगी पडतो.

वंशावळ:

दप्तरखाना यांनी शेवटी सनदेतलं जे कलम सांगितलं, तिथूनच पुढे लिहिते.

बहुसंख्य आयरिश सनदांत वारसा मूळ पुरुषाच्या ‘औरस पुरुष संतती’कडे जातो. या तीन शब्दांचे अर्थ काटेकोर आहेत. ‘औरस’ म्हणजे आईवडिलांच्या लग्नानंतर जन्मलेलं अपत्य. ‘पुरुष’ म्हणजे वारस स्वतः पुरुष असून चालत नाही, मूळ पुरुषापर्यंतची प्रत्येक कडी पुरुषाची हवी. मुलीच्या मुलाला हक्क नाही. ‘संतती’ म्हणजे पदाचा उगम ज्याच्यापासून झाला त्या मूळ पुरुषाचे वंशज, शेवटच्या धारकाचे नव्हे.

‘संतती’च्या या अर्थाकडे दुर्लक्ष झालं की सगळा हिशोब चुकतो. धारक निपुत्रिक वारला म्हणजे पद संपलं असं होत नाही. मागे जायचं, त्याच्या भावांच्या, काकांच्या, आजोबांच्या भावांच्या शाखा तपासत मूळ पुरुषापर्यंत पोचायचं. मूळ पुरुषाखालची शेवटची पुरुष शाखा खुंटली तरच पद निर्वंश. आणि मूळ पुरुषाच्या भावाचे वंशज कितीही असले तरी त्यांचा संबंध नाही, सनदेत त्यांचा वेगळा उल्लेख नसेल तर. असा वेगळा उल्लेखही कधी कधी करत. १८६८ च्या बॅरन रॅथडॉनेल पदाच्या सनदेत मूळ पुरुषाच्या भावाच्या पुरुष संततीकडे वारसा जाईल अशी सोय होती, आणि पद त्या शाखेत गेलंही.

दुसरं सूत्र: एका माणसाकडे पाच पदं असतील तर पाच सनदा, पाच वंशावळी आणि पाच वेगवेगळे शेवट. ‘अमुक घराण्याचा किताब संपला’ हे वाक्य बहुधा अपुरं असतं.

वेलस्लीचंच घ्या. त्याला हायसिंथ रोलांपासून पाच मुलं होती, पण ती सगळी १७९४ मधल्या लग्नाआधीची. नंतरच्या लग्नाने ती उमरावपदासाठी औरस ठरली नाहीत. २६ सप्टेंबर १८४२ ला वेलस्ली वारला तेव्हा त्याचं मार्क्विसपद आणि ब्रिटिश बॅरनपद दोन्ही त्याच क्षणी संपले, कारण त्या सनदांचा मूळ पुरुष तो स्वतः. मॉर्निंग्टनच्या अर्लकीचा मूळ पुरुष मात्र त्याचे वडील. त्यामुळे ती धाकटा भाऊ विल्यम याच्याकडे गेली. ती शाखा १८६३ मध्ये खुंटल्यावर अर्लकी आली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घरात, म्हणजे आसईची लढाई जिंकणाऱ्या आर्थरच्या मुलाकडे. ती आजही तिथेच आहे. एकाच माणसाचं मोठं पद त्याच्याबरोबर गेलं आणि धाकटं टिकलं.

मोइराचं उदाहरण याहून बोलकं आहे. मोइराची अर्लकी आयरिश, १७६२ ची. गव्हर्नर जनरल झालेला फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज दुसरा अर्ल. १८१७ मध्ये तो युनायटेड किंग्डमचा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला. लग्न आणि आईकडचा वारसा यांतून घराण्यात स्कॉटिश आणि जुनी इंग्रजी पदंही आली. चौथा मार्क्विस १० नोव्हेंबर १८६८ ला २६ व्या वर्षी निपुत्रिक वारला. त्या एका मृत्यूने तीन वेगळे निकाल लागले. मार्क्विसपद आणि मोइराची आयरिश अर्लकी पुरुषवंशाची होती, ती नष्ट. लाउडनची स्कॉटिश अर्लकी स्त्रीकडे जाऊ शकत होती, ती थेट थोरल्या बहिणीला मिळाली. जुन्या इंग्रजी बॅरनपदांत मुलगे नसतील तर सगळ्या बहिणींचा हक्क सारखा असतो, थोरली-धाकटी असा भेद नसतो. त्यामुळे ती कोणालाच न मिळता लोंबकळत राहिली. या अवस्थेला ‘अबेयन्स’ म्हणतात. राजाने एका वाटेकरणीच्या बाजूने निर्णय दिला की ती अवस्था संपते. आयरिश पदांच्या बाबतीत हा शब्द क्वचितच लागतो, कारण ती बहुतेक सगळी सनदेने दिलेली आणि पुरुषवंशाची.

डफरिनचंही तसंच. १८८४ ते १८८८ चा हा व्हाइसरॉय युनायटेड किंग्डमचा मार्क्विस ऑफ डफरिन अँड अॅव्हा झाला. ते पद १९८८ मध्ये पाचव्या मार्क्विसबरोबर संपलं. १८०० चं आयरिश बॅरनपद मात्र दूरच्या चुलत शाखेकडे गेलं आणि चालू आहे. ते मूळ दिलं होतं डॉर्कस ब्लॅकवुड या विधवा बाईंना, त्यामुळे तिथे वंश मोजायचा तो त्यांच्यापासून. सुरुवात बाईपासून झाली तरी पुढचा क्रम पुरुषांचाच.

मुंबईकरांसाठी एक. भायखळ्याचा क्लेअर रोड (आता मिर्झा गालिब मार्ग) ज्याच्या नावाचा, तो १८३१ ते १८३५ चा मुंबईचा गव्हर्नर, दुसरा अर्ल ऑफ क्लेअर. त्याचे वडील आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, युनियनचे, म्हणजे आयर्लंड ब्रिटनशी जोडून एकच राज्य करण्याचे, कट्टर पुरस्कर्ते. अर्लकी १७९५ ची. गव्हर्नर १८५१ मध्ये निपुत्रिक वारला आणि पद भावाकडे गेलं. त्या भावाचा एकुलता एक मुलगा २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाच्या घोडदळाच्या हल्ल्यात मारला गेला. बाप १८६४ मध्ये वारला आणि क्लेअरची अर्लकी संपली. मूळ पुरुषापासून अवघ्या दोन पिढ्यांत.

त्रिकालम:

आता ज्यामुळे आयरिश पदांचं नष्ट होणं हा एकेकाळी सरकारी हिशोबाचा विषय झाला, त्या तीनास एक नियमाबद्दल.

१ जानेवारी १८०१ ला आयर्लंडचं पार्लमेंट संपलं. ते आपणहून बंद व्हायला तयार व्हावं म्हणून जी आश्वासनं वाटली गेली त्यांत उमरावपदंही होती. १८०० सालच्या सनदांची गर्दी बघितली की ते ध्यानात येतं. युनियनच्या चौथ्या कलमाने दोन व्यवस्था केल्या. एक, सगळे आयरिश उमराव वेस्टमिन्स्टरला येणार नाहीत. ते आपल्यातून २८ जण तहहयात निवडून देतील. दोन, नवीन आयरिश पदांवर मर्यादा. तीन जुनी पदं नष्ट झाल्याशिवाय एक नवं देता येणार नाही. ज्यांना ब्रिटिश पदामुळे आधीच लॉर्ड्समध्ये जागा आहे असे उमराव वगळून संख्या १०० वर आली, की मग १०० टिकवण्यापुरती एकास एक भरती करता येईल.

यातली एक बारीक पण अतिशय महत्त्वाची अट: धारक वारल्यावर एका वर्षात कोणी रीतसर दावा केला नाही, तर मोजणीपुरतं ते पद नष्ट समजायचं. पुढे खरा वारस उभा राहिला आणि त्याचा दावा मान्य झाला तर त्याचं पद त्याला मिळतं. पण दरम्यान त्या जागेवर नवं पद दिलं गेलं असेल, तर त्यानंतर नष्ट होणारं पहिलं पद राजाच्या खात्यात जमा होत नाही. म्हणून त्या काळच्या यादीत ‘नष्ट’ लिहिलेलं प्रत्येक पद वंश खुंटल्यामुळे नष्ट झालेलं असेलच असं नाही. तो शेरा कधी वंशावळीचा असतो, कधी हिशोबाचा.

बढतीला मात्र ही अट लागू नव्हती. आधीच आयरिश उमराव असलेल्याला वरचा दर्जा केव्हाही देता येई. ऑर्मंडचं मार्क्विसपद १८१६ मध्ये दिलं, १८२० मध्ये ते संपलं, आणि भावाला १८२५ मध्ये त्याच नावाचं नवं मार्क्विसपद दिलं, ते असंच. अॅबरकॉर्नला १८६८ मध्ये आयरिश ड्यूकपद मिळालं. त्याच्याकडे १७०१ चं आयरिश व्हायकाउंटपद होतं. संख्या वाढत नव्हती, त्यामुळे तीन मृत्यूंची वाट बघायची गरज नव्हती.

हिशोब चुकला तर सनदच कोसळायची. एडमंड रोश याला १८५५ मध्ये बॅरन फर्मॉय करण्यासाठी सनद निघाली. ती युनियनच्या या अटींत बसत नाही असं नंतर लॉर्ड्समध्ये ठरलं आणि ती निरर्थक झाली. सप्टेंबर १८५६ मध्ये नवी सनद काढावी लागली, म्हणून त्या पदाचं वय १८५६ पासून मोजतात. (राजकुमारी डायनाचे आजोळ हेच; तिच्या आईचे वडील चौथे बॅरन फर्मॉय.)

आता कर्झन. रॅथडॉनेलनंतर तीस वर्षं एकही नवं आयरिश पद दिलं नव्हतं. १८९८ मध्ये व्हाइसरॉय म्हणून निघताना कर्झन ३९ वर्षांचा होता. व्हाइसरॉयला किताब तर हवा, पण युनायटेड किंग्डमचं पद घेतलं असतं तर कॉमन्समध्ये परतायची वाट कायमची बंद, कारण त्या काळी वंशपरंपरागत पद सोडून देता येत नसे. आयरिश पदाने ती वाट उघडी राहिली. आयरिश उमराव ब्रिटनमधल्या मतदारसंघातून निवडून येऊ शकत होता. आयर्लंडमधल्या मतदारसंघातून नाही, आणि २८ मध्ये निवडला गेला असेल तर कुठूनच नाही. पामर्स्टन आयरिश व्हायकाउंट असूनच कॉमन्समध्ये बसला आणि पंतप्रधान झाला. १८५७ च्या उठावाच्या वेळी तोच पंतप्रधान होता. मेयोही १८६७ मध्ये आयरिश अर्ल झाल्यावर कॉकरमथ या इंग्लिश मतदारसंघाचा खासदार म्हणून बसत राहिला आणि तिथूनच पुढे व्हाइसरॉय म्हणून आला.

कर्झनने ती वाट प्रत्यक्षात वापरली नाही. १९०८ मध्ये तो २८ पैकी एक म्हणून लॉर्ड्समध्ये गेला, १९११ मध्ये युनायटेड किंग्डमचा अर्ल झाला, १९२१ मध्ये मार्क्विस. तीन मुली, मुलगा नाही. २० मार्च १९२५ ला तो वारला आणि १८९८ चं बॅरनपद २७ वर्षांत संपलं. आयरिश संचात त्यानंतर एकही नवं पद दिलं गेलेलं नाही. त्याच्या मुलीला आणि पुतण्याला जी पदं मिळाली ती १९११ ची, कारण त्या सनदांत तशी खास सोय करून घेतली होती. वंशावळताईंनी सांगितलेलं सूत्र इथेही लागू पडतं.

शनिवारपेठी:

तिघांचेही मनापासून आभार. मोइराच्या तीन निकालांनी बराच गोंधळ मिटला.

दोन गोष्टी राहिल्या. दत्तकाचं काय? १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक डलहौसीने मानला नाही, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या उमरावपदांत दत्तक चालत होता का हे समजून घ्यायचंय. आणि फितुरी, बंड वगैरे केलं तर पद जप्त होत असे का? ऑर्मंडच्या बाबतीत एकीकडे ‘जप्त’, एकीकडे ‘नष्ट’ आणि एकीकडे ‘सुप्त’ असे तीन शेरे वाचलेत.

वंशावळ:

दत्तक चालत नव्हता आणि आजही चालत नाही. दत्तक पुत्राला कितीही मालमत्ता द्या, उमरावपदाचा वारसा रक्ताने आणि लग्नातल्या जन्मानेच. इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने आईवडिलांच्या नंतरच्या लग्नाने मूल औरस ठरू लागलं, पण उमरावपदांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. साताऱ्याशी तुलना करताना मात्र एक फरक ध्यानात ठेवा. तिथे प्रश्न राज्याचा होता आणि हिंदू धर्मशास्त्रात दत्तक पुत्राला पूर्ण पुत्राचा दर्जा होता. डलहौसीने वारस नाकारला तो सार्वभौम सत्तेची संमती नव्हती या मुद्द्यावर. दोन्ही गोष्टींचं कायदेशीर मूळ वेगळं आहे.

मृत्यूच्या वेळी विधवा गरोदर असेल तर मात्र थांबावं लागतं. मुलगा झाला तर तो जन्मतःच धारक. तोपर्यंत भाऊ किंवा पुतण्याने स्वतःला लॉर्ड म्हणवून घ्यायचं नाही.

दप्तरखाना:

जप्तीचं मी सांगतो.

देशद्रोहासाठी पार्लमेंटने कायदा करून एखाद्याला दोषी ठरवलं की त्याचं पद जप्त होई आणि त्याच्या वंशजांचाही हक्क तुटे. आयर्लंडमध्ये टायरोनच्या अर्लकीचं असंच झालं: ह्यू ओनील १६०७ मध्ये देश सोडून गेला आणि नंतर ती जप्त झाली. जप्त आणि नष्ट यांत फरक आहे. नष्ट पदाला वारसच नसतो. जप्त पदाला वारस असतो, पण कायद्याची भिंत मध्ये असते, आणि ती भिंत काढली तर पद परत येतं.

ऑर्मंडमध्ये तिन्ही शेरे खरे आहेत, ते वेगवेगळ्या पदांचे. दुसरा ड्यूक जॅकोबाइटांना (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांना) मिळाला म्हणून १७१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्याविरुद्ध कायदा केला. त्याची इंग्रजी पदं गेली. आयरिश पदंही गेली असंच सगळे धरून चालले. पण १७९१ मध्ये आयर्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने आयरिश पदाला धक्का लागत नाही. आयरिश ड्यूकपद तोवर वंश खुंटून संपलं होतं. दुसऱ्या ड्यूकचा भाऊ १७५८ मध्ये निपुत्रिक वारला होता, त्याला जिवंतपणी कोणी ड्यूक म्हणून ओळखलंही नाही. १३२८ ची अर्लकी मात्र जुन्या शाखेतल्या जॉन बटलरला मिळाली आणि तो सतरावा अर्ल म्हणून मान्य झाला. मधले अर्ल कागदावर मोजले गेले, म्हणून क्रमांकात उडी दिसते.

पुढे सातवा मार्क्विस १९९७ मध्ये वारला. त्याला दोन मुली. १८२५ चं मार्क्विसपद तिथे नष्ट झालं. अर्लकीचा मूळ पुरुष चौदाव्या शतकातला, आणि त्याच वंशातली माउंटगॅरेट व्हायकाउंटांची शाखा (पद १५५० चं) हयात आहे. हक्क त्यांचा दिसतो, पण मधल्या सगळ्या शाखा खुंटल्याचं रीतसर सिद्ध झालेलं नाही. त्याला म्हणतात सुप्त, डॉर्मंट. वारस असण्याची शक्यता आहे, पुरावा मान्य झालेला नाही.

विसाव्या शतकातली जप्ती फक्त एक आठवणीत ठेवण्यासारखी. व्हायकाउंट ताफ यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ऑस्ट्रियात होतं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या बाजूने असल्यामुळे १९१७ च्या कायद्याखाली २८ मार्च १९१९ ला त्यांचं आयरिश पद काढून घेतलं. त्या कायद्यात पुढच्या वारसाला अर्ज करून पद परत मिळवण्याची सोय होती. १९६७ मध्ये शेवटचा पुरुष वारस गेला आणि प्रश्नच संपला.

कोकणकडा:

वाचनमात्र होतो, एक व्यावहारिक शंका. आज एखादं आयरिश पद सुप्त असेल तर दावा कसा सिद्ध करतात? आणि इंटरनेटवर ‘आयरिश बॅरनपद विकत मिळेल’ अशा जाहिराती दिसतात, त्या खऱ्या का?

त्रिकालम:

आधी जाहिरातींचं. उमरावपद विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्राने कोणाच्या नावावर करता येत नाही. जाहिरातीत जे विकतात त्याला ‘सरंजामी बॅरनी’ किंवा ‘मॅनरची लॉर्डशिप’ म्हणतात. तो मूळचा जमिनीच्या धारणेशी जोडलेला प्रकार, उमरावपदाशी त्याचा संबंध नाही. आयर्लंडने २००९ च्या जमीनविषयक कायद्याने सरंजामी धारणापद्धतच रद्द केली. पैसे घालवू नका. शिवाय आयर्लंडच्या राज्यघटनेच्या ४० व्या कलमानुसार ते राज्य स्वतः किताब देत नाही, आणि नागरिकाला सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय किताब स्वीकारता येत नाही.

दाव्याचं म्हणाल तर २००४ पासून लंडनमध्ये उमरावांचा अधिकृत पट ठेवला जातो. आयरिश पदंही त्यात येतात. नाव पटावर नसेल तर सरकारी कागदांत त्या पदाने उल्लेख होत नाही. बाप वारला आणि थोरल्या मुलाने अर्ज केला इतकं सरळ असेल तर आईवडिलांचा विवाहाचा दाखला, स्वतःचा पूर्ण जन्मदाखला, आधीच्या धारकाचा मृत्यूदाखला आणि सनदेतलं वारशाचं कलम एवढ्यावर भागतं. दूरच्या शाखेचा दावा असेल तर प्रत्येक पिढीसाठी हेच तीन दाखले लागतात, आणि शिवाय आपल्या वरच्या प्रत्येक शाखेत पुरुषवंश उरलेला नाही हे दाखवावं लागतं. दावे बहुतेक इथेच अडकतात. अमुक माणूस होता हे दाखवणं सोपं, तो निपुत्रिक वारला हे दाखवणं महाकठीण, विशेषतः तो अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला गेला असेल तर.

आयर्लंडची जास्तीची अडचण म्हणजे ३० जून १९२२. यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक दप्तर जळालं. मृत्युपत्रं, जनगणनेचे जुने कागद आणि तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या नोंदवह्या त्यात गेल्या. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८६४ पासूनची, बिगर-कॅथलिक विवाहांची १८४५ पासूनची. त्याआधीचं सिद्ध करायचं तर दोन आधार उरतात. एक, १७०८ मध्ये सुरू झालेलं रजिस्ट्री ऑफ डीड्स. ते वेगळ्या इमारतीत असल्यामुळे वाचलं. गहाणखतं, लग्नाचे करार, भाडेपट्टे यांत बाप-मुलगा-भाऊ अशी नाती स्पष्ट लिहिलेली असतात. दुसरा, सर विल्यम बेथम यांनी आग लागण्याच्या शंभरेक वर्षं आधी मृत्युपत्रांवरून काढून ठेवलेले वंशावळींचे गोषवारे. मूळ मृत्युपत्रं राख झाली, पण गोषवाऱ्यांत मुलांची नावं आहेत.

सिद्ध होऊन हाती काय येतं? नाव आणि मान. २८ प्रतिनिधींची निवडणूक १९१९ नंतर झालीच नाही, कारण १९२२ मध्ये ती घेणारी डब्लिनमधली पदंच रद्द झाली. निवडून आलेल्यांपैकी शेवटचा, अर्ल ऑफ किलमोरी, १९६१ मध्ये वारला. काही आयरिश उमरावांनी १९६० च्या दशकात हक्क पुन्हा मागितला, तो लॉर्ड्सच्या समितीने १९६६ मध्ये फेटाळला. १९६३ च्या कायद्याने त्यांना कोणत्याही मतदारसंघातून कॉमन्सला उभं राहायची मोकळीक मिळाली. त्याच कायद्यातली पद सोडून देण्याची तरतूद आयरिश पदांना लागू केलेली नाही. कॉमन्सची दारं उघडी असल्यावर तिची गरज नव्हती.

कोकणकडा, तुमच्या डोळ्यासमोर एखादं ठरावीक पद असेल तर सनदेचं वर्ष आणि शेवटच्या धारकाचं मृत्युवर्ष इथे लिहा. त्या दोन गोष्टींवरून कोणत्या शाखा तपासायच्या ते सांगता येईल.